ईशान्येतला कमोड

अमेरिकेत कुणा मराठी माणसाच्या नव्या किंवा नव्याने सजवलेल्या घरी गेलं, की ताट हातात यायच्या आधी घर बघावं लागतं. चपला दाराशी काढायच्या, "अगं, किती छान!" म्हणत जिना चढायचा आणि एका खोलीतून दुसऱ्या खोलीत रांगेने फिरायचं. पूर्वी या फेरीत बाथरूमचं दार नुसतं किलकिलं करून दाखवत. आता बाथरूम हेच मुख्य दर्शन झालं आहे. मागच्या श्रावणात न्यू जर्सीतल्या एका स्नेह्यांकडे सत्यनारायणाला गेलो होतो. वरच्या मजल्यावरच्या बाथरूमच्या दारात आम्ही सात-आठ जण दाटीवाटीने उभे होतो आणि यजमान सांगत होते, "कमोड पूर्वी त्या कोपऱ्यात होता. तो इकडे आणला. चौदा हजार डॉलर गेले, पण आणला."

कुणीतरी विचारलं, "का हो?"

"ईशान्य ना ती!"

सगळ्यांनी माना डोलावल्या. त्यांत दोन इंजिनिअर होते, एक डॉक्टर होत्या आणि एक गृहस्थ बँकेत जोखमीची गणितं मांडतात. मी खाली आले, प्रसादाचा शिरा घेतला आणि सहज वर पाहिलं. जेवणाच्या टेबलावरच्या छताला पुरीएवढा एक तपकिरी डाग पडला होता.

कुणाच्या घरचं खाऊन त्यांच्या छतावर लिहू नये, हे मला कळतं. पण ही गोष्ट एका घराची राहिलेली नाही. गेल्या पाच-सहा वर्षांत माझ्या माहितीतल्या चार घरांनी दिशेसाठी कमोड हलवला आहे आणि त्याहून जास्त घरांनी नुसत्या देखाव्यासाठी. म्हणून माझं म्हणणं आधीच सांगून टाकते. वरच्या मजल्यावरचा कमोड दिशेपायी किंवा फोटोपायी हलवणं हा आपण चालवलेला महागडा मूर्खपणा आहे. आणि त्याच घरात ज्या एका कारणासाठी पाइप खरोखर हलवायला हवेत, त्या कारणासाठी आपण ते इंचभरही हलवत नाही.

इथली घरं लाकडाची असतात, हे आपल्याला माहीत असतं, पण अंगवळणी पडलेलं नसतं. आपलं बालपण स्लॅबच्या घरांत गेलं. पुण्या-मुंबईच्या इमारतीत बाथरूमपुरता स्लॅब खाली घेतात, त्या खड्ड्यात पाइप टाकतात, वर विटांच्या तुकड्यांचा कोबा भरतात आणि मग फरशी बसवतात. मिस्त्रीला "कमोड जरा दोन फूट सरकवा" म्हटलं तर तो कोबा फोडतो, पाइप वळवतो, पुन्हा भरतो. पुढे खालच्यांच्या छताला ओल येते आणि सोसायटीच्या मीटिंगमध्ये भांडण होतं, ते वेगळं. पण घर पडत नाही.

इथे फरशीखाली काय असतं? लाकडी आडव्या तुळया, ज्यांना जॉइस्ट म्हणतात, साधारण सोळा-सोळा इंचांवर. त्यांच्यावर प्लायवुड आणि वर टाइल. खालच्या बाजूने ड्रायवॉल ठोकलेला, तेच खालच्या खोलीचं छत. या दोहोंमधली जी पोकळी, तेवढ्यात सगळं बसवायचं. जुन्या घरांत अनेकदा हा जॉइस्ट 'दोन बाय दहा'चा असतो. नाव दहा, प्रत्यक्षात उंची सव्वानऊ इंच. त्याला भोक पाडायचं तर उंचीच्या एक तृतीयांशापेक्षा मोठं पाडायचं नाही, आणि वरच्या-खालच्या कडेपासून दोन-दोन इंच सोडायचे, असा बांधकामाचा नियम आहे. सव्वानऊचा तिसरा भाग म्हणजे तीन इंच आणि वर थोडं. कमोडचा पाइप म्हणायला तीन इंची, पण बाहेरून मोजला तर साडेतीन इंच भरतो.

म्हणजे तो त्या भोकातून जात नाही. यात मताचा, श्रद्धेचा, बजेटचा प्रश्न नाही. साडेतीन इंचाची वस्तू तीन इंचांच्या भोकातून जात नाही.

दोन जॉइस्टच्या मधल्या पोकळीतून, त्यांना समांतर, पाइप नेता येतो. त्यांना आडवा छेद देऊन नेता येत नाही. त्यामुळे तुमचा कमोड कुठल्या बाजूला सरकू शकतो, हे घर बांधलं त्या दिवशी सुताराने ठरवलेलं असतं. नव्या घरांत कारखान्यात बनवलेले जॉइस्ट किंवा जाळीच्या तुळया असतात. त्यांत वाट काढता येते, पण त्यांची वरची-खालची पट्टी जराही कापायची नसते आणि भोक कुठे चालेल हे बनवणाऱ्याच्या तक्त्यात बघावं लागतं. एवढं बघून काम करणारा प्लंबर अनेकदा म्हणतो, "हे नको करू या." किंवा म्हणतो, "करू, पण खालच्या खोलीच्या छताला एक पेटी काढावी लागेल, पाइप तिच्यातून जाईल." जेवणाच्या खोलीत पेटी कुणाला हवी असते? मग आपण दुसरा माणूस शोधतो. आपल्याला 'नाही' न म्हणणारा माणूस आवडतो, आणि मिळतोही. तो करवत घेतो आणि जॉइस्ट अर्ध्याहून जास्त कापतो. वर टाइल बसते, खाली ड्रायवॉल बसतो, पैसे दिले जातात. वर्ष-दोन वर्षांनी कमोडच्या बुडाशी टाइलला बारीक चीर जाते. जमीन किंचित दबलेली असते, कमोड डुलायला लागतो, त्याच्याखालची मेणाची कडी सुटते आणि दर फ्लशला चमचाभर पाणी खाली झिरपतं. पुरीएवढा डाग पडायला चमचाभर पाणी पुरतं.

दुसरी गोष्ट उताराची. सांडपाण्याला पंप नसतो, ते आपल्या वजनाने जातं. बारीक पाइपला फुटामागे पाव इंच उतार लागतो. तीन इंचीला काही नियमावल्यांत अष्टमांश इंच चालतो, पण कुठलाही भला प्लंबर पावच धरतो. कमोड आठ फूट दूर नेला की दोन इंच उतार लागला, आणि तोही त्या सव्वानऊ इंचांतूनच काढायचा. त्यात भर म्हणजे कमोडचं पाणीच कमी झालंय. १९९२च्या कायद्याने अमेरिकेत घरगुती कमोडला एका फ्लशसाठी १.६ गॅलनची मर्यादा आली आणि १९९४ पासून ती लागू झाली. आता बाजारातले बरेच कमोड १.२८ गॅलनचे, म्हणजे पाच लिटरच्याही आत. पाणी वाचतं, चांगलंच आहे. पण पाच लिटर पाण्याने जे ढकलायचं ते आडव्या पाइपमधून किती लांब ढकललं जाईल, याला मर्यादा आहे. घर बांधणाऱ्याने कमोड उभ्या पाइपला चिकटून ठेवला, तो काही त्याला दिशा कळत नव्हत्या म्हणून नाही.

तिसरी गोष्ट हवेची, आणि ती कुणाच्याच डोक्यात नसते. कमोडमध्ये, बेसिनखाली, शॉवरच्या जाळीखाली पाइपला एक वळण असतं आणि त्यात पाणी अडून राहतं. ते दोन-चार इंच पाणी गटारातला वायू घरात येऊ देत नाही. १७७५ साली अलेक्झांडर कमिंग या घड्याळजीने असं वाकडं वळण असलेल्या संडासाचं पेटंट घेतलं, आणि संडास घरात आणणं शक्य झालं ते अशा वळणांमुळे. पण पाणी जोरात गेलं की मागे पोकळी तयार होते आणि हे अडवलेलं पाणीही ओढलं जातं. म्हणून छपरातून वर निघणारा हवेचा पाइप लागतो. कमोड हलवला की हवेच्या पाइपचाही नव्याने विचार करावा लागतो, भिंत फोडून तो माळ्यापर्यंत न्यावा लागतो. हे टाळलं की फ्लश केल्यावर शेजारच्या बेसिनमधून बाटली उपडी केल्यासारखा गुडगुड आवाज येतो आणि पावसाळी हवेत बाथरूमला वास मारतो. मग आपण सुगंधी मेणबत्त्या आणतो.

त्या स्नेह्यांना मी नंतर एकदा फोनवर विचारलं, "कमोड हलवलात, पण मुख्य उभा पाइप कुठे आहे?"

ते म्हणाले, "तो तिथेच आहे, जुन्या कोपऱ्यात. तो कसा हलणार?"

म्हणजे पूर्वी जे ईशान्येत पडून सरळ खाली जात होतं, ते आता पश्चिमेकडे पडतं, आठ फूट आडवा प्रवास करतं, जेवणाच्या टेबलावरून जातं आणि ईशान्येलाच येऊन खाली उतरतं. ज्या सल्लागाराने झूमवर घराचा नकाशा बघून हा उपाय सांगितला, त्याने हा प्रश्न विचारलाच नव्हता. नकाशावर कमोडचं चित्र असतं, पाइपचं नसतं.

मला श्रद्धेची टिंगल करायची नाही. माझ्या घरी देवघर आहे आणि ते पूर्वेकडे तोंड करून आहे. घर घेताना दार कुठल्या दिशेला आहे हे मीही बघितलं होतं, खोटं का बोलू. पण संडास लांब, मागे, एका ठरावीक कोपऱ्यात असावा, हा दंडक कुठल्या घरांसाठी होता ते आठवून बघावं. वाड्यात संडास परसाच्या टोकाला असायचा. विहीर आणि स्वयंपाकघर यांपासून दूर, आणि वारा घराकडे येणार नाही असा. यात शहाणपण होतं, कारण मैला तिथेच साठायचा. आणि त्याला मागच्या बोळातून वाट असायची, कारण टोपली उचलून न्यायला माणूस यायचा. त्याने घरातून यायचं नव्हतं. त्या माणसाची जात ठरलेली होती. अशा कोरड्या संडासांवर कायद्याने बंदी यायला आपल्या देशात १९९३ साल उजाडावं लागलं. कोकणात अप्पासाहेब पटवर्धनांनी भंगीकाम स्वतः करून, कणकवलीजवळ गोपुरीत संडासांचे प्रयोग करून, हा प्रश्न दिशेचा नसून रचनेचा आणि माणसाचा आहे हे आपल्याला दाखवलं होतं. आज तुमच्या घरात मैला साठत नाही. त्याला वळणाचं पाणी अडवतं, उतार नेतो, हवेचा पाइप वास छपरावर सोडतो. ज्या भीतीसाठी दिशा सांगितली होती, ती भीती या तीन गोष्टींनी संपवली आहे. आणि दिशा पाळण्यासाठी आपण मोडतो ते नेमके याच तीन गोष्टींना.

"मनाची शांती मिळते, त्याची किंमत काय करायची?" हा मुद्दा मला अनेकांनी ऐकवला आहे. मान्य. घरात आजारपण चाललेलं असतं, मुलाचं काही बरं चाललेलं नसतं, नोकरीची टांगती तलवार असते, आणि माणूस हाताला लागेल ते करून बघतो. ती अगतिकता मी ओळखते. पण त्या शांतीसाठी घरातल्या लाकडाला करवत लावायची गरज नाही. हेच सल्लागार मिठाची वाटी आणि तांब्याची पट्टीही सांगतात. श्रद्धा असेल तर ती घ्या. मिठाच्या वाटीने छत गळत नाही.

दुसरा मुद्दा विक्रीचा: आपल्या लोकांची वस्ती असलेल्या गावांत घर विकताना वास्तू बघतात, कमोड ईशान्येत असला की गिऱ्हाईक मागे फिरतं. असेलही. पण घर विकताना इन्स्पेक्टर येतो, बॅटरी घेऊन छताकडे बघतो, आणि गावच्या कचेरीत कामाचं परमिट काढलं होतं का ते तपासलं जातं. जागच्या जागी कमोड बदलायला बहुतेक गावांत परमिट लागत नाही. त्याची जागा बदलली की बहुतेक ठिकाणी लागतं. परमिट काढलं की भिंती बंद करायच्या आधी गावचा इन्स्पेक्टर येऊन पाइपमध्ये पाणी किंवा हवा भरून गळती बघतो, उतार बघतो, जॉइस्ट बघतो. कमोडच्या मध्यापासून बाजूच्या भिंतीपर्यंत पंधरा इंच आणि पुढे एकवीस इंच, काही राज्यांत चोवीस, मोकळे आहेत का ते मोजतो. हे सगळं आपल्याच भल्याचं आहे. तरी "परमिट काढलं तर टॅक्स वाढेल" म्हणून आपले लोक शनिवार-रविवारी गुपचूप काम उरकतात. पुढे पाणी गळून नुकसान झालं की विमा कंपनी हात वर करू शकते, आणि ईशान्येच्या भीतीने परत जाणारं गिऱ्हाईक परमिट नसल्याच्या कारणाने परत जातं.

आता देखाव्याबद्दल, आणि इथे मला स्वतःचंच सांगावं लागेल.

२०१६ साली आम्ही वरचं बाथरूम नवं केलं. आम्हाला दोन बेसिनं हवी होती, शेजारी शेजारी, हॉटेलात असतात तशी. त्यासाठी एक बेसिन समोरच्या भिंतीवरून इकडे आणलं, म्हणजे पाणी, ड्रेन, हवा सगळं नव्याने. दिशेचा संबंध नव्हता, मासिकातल्या फोटोचा होता. टब मात्र तसाच ठेवला, कारण एजंटने सांगितलं होतं की टब नसलेलं घर विकत नाही. त्याच वर्षी आई मिरजेहून सहा महिन्यांसाठी आली. ती चौऱ्याहत्तर वर्षांची होती. खाली पाहुण्यांच्या खोलीत तिची सोय केली होती. खाली अंघोळीची सोय नव्हती, नुसतं बेसिन आणि कमोड. त्यामुळे रोज सकाळी ती कपडे हातात घेऊन चौदा पायऱ्या चढायची, मग सतरा इंच उंचीची टबची कड ओलांडायची. पहिले काही दिवस मी घरी असतानाच ती अंघोळ करायची. मग माझी धावपळ नको म्हणून एकटीनेच करायला लागली. त्याआधी एक-दोन दिवस ती अंघोळ टाळत होती, हे मला नंतर कळलं. जन्मात पारोशी न राहिलेली बाई.

एका मंगळवारी टबमधून बाहेर पडताना तिने टॉवेलच्या दांडीला हात घातला. टॉवेलची दांडी ड्रायवॉलमध्ये दोन प्लॅस्टिकच्या खुंट्यांवर बसवलेली असते, ती टॉवेलसाठी असते. ती निघून आली. आईचं मनगट मोडलं. डोकं टबच्या कडेवर आपटलं असतं, चार इंचांनी वाचलं. पाहुण्यांना इथलं मेडिकेअर नसतं आणि पाहुण्यांसाठीचा जो विमा आपण घेतो त्याची बारीक अक्षरं अपघात झाल्यावरच वाचली जातात, तशी आम्हीही वाचली. पण पैशाचं दुःख नाही. प्लॅस्टर घातलेला हात उशीवर ठेवून आई एवढंच म्हणाली, "आपल्या मोरीत कधी पडले नाही गं मी."

आणि मग मला आमची मिरजेची मोरी दिसली. आपल्या घरोघरी असलेली न्हाणी. जमीन सपाट, पाय ओलांडायला काही नाही, फार तर बोटभर उंबरठा. सगळी जमीन एका कोपऱ्याकडे उतरती. बसायला पाट, हाताशी बादली-तांब्या, अंगाला टेकायला भिंत. म्हातारं माणूस बसून अंघोळ करतं, पडलं तरी बसल्या जागी पडतं. अमेरिकेतल्या बाथरूमच्या दुकानांत आज हीच न्हाणी 'कर्बलेस शॉवर' या नावाने, सागवानी स्टुलासकट, चढ्या भावाने विकायला आहे. आपल्या वाडवडिलांच्या घरातून इथे आणण्यासारखं काही असेल तर ती न्हाणी आहे. आपण दिशा आणली.

अमेरिकेत बाथरूममध्ये माणसं किती पडतात, याची मोजणी सीडीसी या सरकारी संस्थेने केली आहे. २००८ या एका वर्षात बाथरूममधल्या दुखापतींमुळे इमर्जन्सी रूममध्ये आलेले, पंधरा वर्षांवरचे लोक सुमारे २ लाख ३४ हजार होते, आणि पाचांतल्या चौघांना पडूनच लागलं होतं. पासष्टीच्या वरच्या माणसांत दर वर्षी चारांतला एक तरी कुठे ना कुठे पडतो. हे आकडे आपल्या आई-वडिलांपुरते आहेत असं समजू नका. १९६५च्या इमिग्रेशन कायद्यानंतर इथे आलेली पहिली मराठी पिढी आज ऐंशीच्या घरात आहे. ती सहा महिन्यांनी परत जाणारी नाही. तिच्या मागोमाग आपली रांग आहे.

तर पाइप कुठले हलवायचे? खालच्या मजल्यावरचे. आणि गंमत अशी, की ईशान्य अमेरिकेतल्या घरांत हेच काम सगळ्यांत सोपं असतं. खाली बेसमेंट असतं, त्याचं छत पुष्कळदा उघडंच असतं. प्लंबर तिथे उभा राहून, वर बघत, हवा तिथे पाइप जोडू शकतो. जेवणाच्या खोलीचं छत फोडायला नको, जॉइस्टच्या खालून पाइप गेला तरी कुणाला दिसत नाही. पाहुण्यांचा जो अर्धा बाथरूम असतो, त्याच्या शेजारी बहुतेक घरांत कोटांचं कपाट असतं. ते कपाट आत घेतलं की शॉवर बसतो. नियमाने शॉवरला आतून तीस इंच बाय तीस इंच जागा पुरते, स्टूल ठेवायचं तर छत्तीस बाय छत्तीस बरी. वरच्या मजल्यावर कमोड आठ फूट सरकवायला जे पैसे जातात, त्यांत हे काम पुष्कळ पुढे जातं.

वरच्या टबचंही करता येतं. नेहमीचा टब साठ इंच लांब आणि तीस इंच रुंद असतो. अपंगांसाठीच्या अमेरिकन कायद्यात चाकाची खुर्ची आत जाईल अशा शॉवरचं किमान माप साठ बाय तीसच आहे. टब काढला की तेवढीच जागा मोकळी होते, काहीही सरकवावं लागत नाही. फक्त टबचा ड्रेन दीड इंची असतो आणि शॉवरला दोन इंची लागतो, तो बदलून घ्यावा लागतो. स्वस्तातला काँट्रॅक्टर हे टाळतो, तिथे त्याला धरायचं. लाकडी जमिनीवर अगदी सपाट शॉवर करणं कटकटीचं असतं, हे मान्य. मग दोन-तीन इंचांचा उंबरठा ठेवा. सतरा इंचांपेक्षा तो बरा. घरात दुसरा एक टब राहू दे, नातवंडांना आणि एजंटला. आणि भिंत उघडी असताना आत आडवं लाकूड ठोकून घ्या, म्हणजे आधाराची दांडी जमिनीपासून तेहतीस ते छत्तीस इंचांवर घट्ट बसेल. ती अडीचशे पौंडांचा झटका सहन करेल अशी बसवतात. त्या लाकडाला चार पैसेही लागत नाहीत. भिंत बंद झाल्यावर तेच काम करायचं तर टाइल फोडावी लागते.

डॅलस-ह्यूस्टनचे वाचक आता म्हणतील, आमच्याकडे बेसमेंट कुठलं? खरं आहे. तिथे जमिनीवरच काँक्रीटचा स्लॅब असतो, आणि अनेक घरांत त्यात ताणलेल्या पोलादी तारा असतात. त्यातली एक तार करवतीने तुटली तर ती माणसाला इजा करू शकते आणि स्लॅबही कमजोर होतो. म्हणून तिथे स्लॅब कापायच्या आधी तारा कुठे आहेत ते यंत्राने शोधावं लागतं. पण मग तिथे दिशेसाठी कमोड हलवणं किती शहाणपणाचं, हेही त्यांनीच सांगावं. टबच्या जागी शॉवर मात्र तिथेही, जवळपास आहे त्या जागीच होतो.

इंग्लंडमध्ये १९९९ पासून नव्या घराला तळमजल्यावर संडास ठेवणं नियमाने बंधनकारक आहे, जिना न चढता येणाऱ्या पाहुण्याचा विचार करून. अमेरिकेत एकट्या कुटुंबाच्या घराला असा देशभराचा कायदा नाही. म्हणजे तो विचार आपणच करायला हवा, आणि आपण नकाशा घेऊन होकायंत्र लावत बसतो.

"आई-बाबा काय, सहा महिन्यांसाठी तर येतात," हे वाक्य मीही म्हटलं आहे. आम्ही खालची न्हाणी बांधली ती २०१९च्या शेवटी. आई पुढच्या उन्हाळ्यात येणार होती. मग विमानंच बंद झाली. त्यानंतर कधी गुडघा, कधी बीपी. आता ती लांबचा प्रवास करत नाही. व्हिडिओवर मी तिला न्हाणी दाखवली, उतार दाखवला, पाट ठेवलाय तोही दाखवला. ती म्हणाली, "बादली कुठाय?"

परवा त्या स्नेह्यांचा फोन आला. डाग वाढून ताटाएवढा झाला होता आणि त्यांनी अखेर छत उघडलं. दोन जॉइस्ट कापलेले निघाले. दुरुस्त करणाऱ्याचं म्हणणं, जोडलाकूड लावून जॉइस्ट सावरतो, पण कमोड जुन्या जागी न्या. ते बिचारे विचारत होते, काय करू? वरचा कमोड परत ईशान्येला न्या, म्हटलं, आणि हाती जे उरेल ते खाली घाला. त्यांच्या आई मे महिन्यात येणार आहेत, त्यांच्या दोन्ही गुडघ्यांची ऑपरेशनं झालेली आहेत. काल जाऊन मी त्यांच्या कोटांच्या कपाटाची मापं घेऊन आले. छत्तीस बाय पंचेचाळीस आहे, आणि खाली बेसमेंटचं छत उघडं आहे.